सेनिओच्या बांधावरचा शिपाई



९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी उत्तर इटलीतील सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी जे केले, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, वय तेवीस. त्याआधी नऊ महिने, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूची मशीनगन एकट्याने बंद पाडली आणि तेथेच प्राण सोडले. त्यांनाही हाच सन्मान मरणोत्तर मिळाला. ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावचे. या दोघांविषयी आपल्याकडे बोलले जाते तेव्हा दोन स्पष्टीकरणे ठरलेली असतात. एक रक्ताचे: मावळ्यांचा वारसा, अंगात मुरलेली लढाऊ वृत्ती. दुसरे मातीचे: शेतात राबलेला काटक गडी, म्हणून रणातही डगमगला नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे प्रेमापोटी दिली जातात हे मला मान्य आहे. पण दोन्हींमुळे त्या माणसांचे स्वतःचे कर्तृत्व झाकले जाते, असे माझे म्हणणे आहे. शेती जाधवांसारखा तरुण पलटणीत कसा आला ते सांगते. बांधावर त्याने काय केले ते शेतीतून कळत नाही आणि रक्तातून तर मुळीच कळत नाही. ते कळते त्याच्या निर्णयांच्या क्रमातून. तो क्रम नीट वाचला, तर तेथे आवेशाने बेभान झालेला माणूस सापडत नाही. मिनिटामिनिटाला परिस्थिती जोखून आपले काम ठरवणारा शिकलेला सैनिक सापडतो.

आधी जागा समजून घेऊ, कारण जागा कळल्याशिवाय कृती कळत नाही. सेनिओ ही काही मोठी नदी नव्हे. त्या भागात पाण्याची रुंदी जेमतेम पंधरा फूट आणि खोली चार-पाच फूट. अडचण काठांची होती. पुरापासून आजूबाजूची सपाट शेते वाचावीत म्हणून दोन्ही तीरांवर तीस फुटांहून उंच, जवळजवळ उभ्या चढाचे बांध घातलेले होते. हिवाळाभर आघाडी येथेच अडली होती आणि त्या मुदतीत जर्मनांनी दोन्ही बांध पोखरून आत खंदक, निवारे आणि मशीनगनची ठाणी केली होती. सर्वांत घातक ठाणी पूर्व बांधाच्या आतल्या, म्हणजे नदीकडच्या उतारावर होती, आणि त्याच उतारावर पाण्यालगत सुरुंगांचा पट्टा पेरलेला होता. पूर्वेकडून हल्ला करणाऱ्याला ती ठाणी दिसतच नाहीत. बांध ओलांडून, नदी पार करून तो पश्चिम तीरावर पोहोचला की त्यांचा मारा पाठीमागून सुरू होतो. त्या दिवशी दुपारी आठशेहून अधिक अवजड बाँबफेकी विमानांनी या आघाडीवर बाँब टाकले, त्यानंतर तोफांचा मारा झाला, ज्वाला फेकणारी वाहने बांधावर आली. एवढे होऊनही आतल्या उतारावरची काही ठाणी शाबूत राहिली.

योजना अशी होती की एका कंपनीने पूर्व बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिम बांधावर चढाई करायची. नामदेव जाधव या दुसऱ्या कंपनीचे रनर होते, म्हणजे कंपनी कमांडरबरोबर राहून त्याचे हुकूम तुकड्यांपर्यंत आणि तुकड्यांची खबर कमांडरपर्यंत पोहोचवणारे. ते पाण्यातून पश्चिम तीरावर निघत असतानाच मागच्या उतारावरच्या किमान तीन ठाण्यांनी मारा सुरू केला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बरोबरचे बाकी सारे ठार झाले. जाधव तेवढे धडधाकट राहिले. एका जखमीला उचलून ते परत पाण्यात शिरले, सुरुंगांच्या पट्ट्यातून तो उभा चढ चढले आणि त्याला बांधापलीकडे सुरक्षित ठेवून आले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर तिसऱ्यांदा बांध ओलांडून जवळच्या ठाण्यावर धावून गेले आणि टॉमी गनने ते गप्प केले. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि ग्रेनेड काढले. पुढची दोन ठाणी ग्रेनेडने उडवली. मधेच ग्रेनेड संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यापर्यंत जाऊन पलीकडच्या उतारावरील साथीदारांकडून आणखी घेऊन आले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून रेजिमेंटची युद्धघोषणा देत, हात हलवत त्यांनी बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावले.

हा क्रम पुन्हा एकदा सावकाश पाहण्यासारखा आहे. सगळे साथीदार डोळ्यांदेखत पडल्यावर सूडाची पहिली ऊर्मी बंदुकीकडे नेते. जाधवांनी आधी माणसे उचलली. पदकाच्या प्रशस्तिपत्रात सूडाचा उल्लेख आहे, पण त्याच कागदातला घटनाक्रम सांगतो की सूड तिसऱ्या फेरीला आला. शिवाय ठाणी गप्प करणे हा केवळ सूड नव्हता. ती चालू असेपर्यंत दोन्ही कंपन्या जागच्या जागी खिळल्या होत्या, म्हणजे त्या क्षणी लढाईची गाठ नेमकी तेथे पडली होती. गाठ कोठे आहे हे ओळखणे ही बुद्धीची कृती आहे. जखमी हाताने निरुपयोगी झालेली गन टाकून देणे, हाही निर्णयच. आणि ग्रेनेड संपल्यावर मागे सरकून दारूगोळा आणणे, ही तर माझ्या मते सगळ्या प्रसंगातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. बेभान झालेला माणूस भरपाईसाठी परत जात नाही. तो रिकाम्या हाताने पुढे धावतो आणि मरतो. जाधव परत गेले, कारण त्यांना काम पुरे करायचे होते.

बांधावर उभे राहण्याविषयी एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. तोफगोळे पडत असताना उघड्यावर उभे राहून घोषणा देणे हा वेडेपणा नाही तर काय? येथे त्यांचे नेमून दिलेले काम आठवावे. ते रनर होते. कमांडर जखमी झाला होता आणि कमांडरबरोबरची माणसे मेली होती. पूर्व बांधाच्या मागे थांबलेल्यांना वाट मोकळी झाल्याचे सांगणारा दुसरा कोणीही उरला नव्हता. गोळीबाराच्या गदारोळात आणि उतरत्या उजेडात ती खबर देण्याची एकच खात्रीची जागा होती: बांधाचा माथा, जेथून माणूस दिसेल आणि त्याचा आवाज ओळखू येईल. घोषणा शिवछत्रपतींच्या नावाची होती. रेजिमेंटच्या परंपरेनुसार ती १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या लढाईत रूढ झाली. त्या माऱ्यात ती ऐकणाऱ्याला एवढे कळले की वर उभा आहे तो आपला माणूस आहे. मला तर ही कृती रनरने पोहोचवलेला शेवटचा निरोप वाटते.

घाडग्यांचा प्रसंग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध दाखवता येईल. त्यांच्या सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले, ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि शेवटी बंदुकीची नळी धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठेचले. हे तर निव्वळ आवेशाचे चित्र, असे वाटते. पण येथेही पायऱ्या पाहाव्यात. जवळच्या अंतरावरची मशीनगन चालू असताना सेक्शनच्या कमांडरपुढे फारसे पर्याय नसतात. उघड्यावर थांबणे म्हणजे मरणे, मागे फिरणेही जवळजवळ तेच, आणि पुढे जाण्यात निदान ती मशीनगन बंद पडण्याची शक्यता असते. त्यांनी आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोघांना निकामी केले, मग एकाला टॉमी गनने टिपले, आणि मॅगझिन बदलायला अवधी नव्हता म्हणून शेवटी दस्ता वापरला. प्रत्येक पायरीला हातात जे होते आणि जेवढा वेळ होता त्याचा हिशेब आहे. दुरून लपून मारणाऱ्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. तो हिशेब बरोबर होता, तरी ते वाचले नाहीत. अचूक निर्णय घेणारा माणूसही युद्धात मरतो, हे एरवी आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता पुराव्याविषयी. हे सगळे आपल्याला कळते ते प्रशस्तिपत्रांतून. ती इंग्रज अधिकाऱ्यांनी, इंग्रजीत, युद्ध चालू असताना, सैन्याचे मनोधैर्य वाढावे या हेतूनेही लिहिली. मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? आंधळेपणाने ठेवूच नये. या कागदांत दोन प्रकारची वाक्ये असतात आणि ती वेगळी काढावी लागतात. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, यासारखे शब्द त्या काळच्या जवळपास प्रत्येक प्रशस्तिपत्रात आढळतात. त्यांतून जाधवांविषयी काहीच कळत नाही. त्यांच्या कृतीमुळे अखेर त्या भागातला जर्मनांचा सगळा प्रतिकार कोसळला, हे शेवटचे विधानही मी अतिशयोक्ती मानतो. त्या संध्याकाळी जाधवांची आठवी भारतीय डिव्हिजन आणि तिच्या डाव्या बाजूला न्यूझीलंडची डिव्हिजन असा रुंद हल्ला चालू होता. त्याच नदीवर, त्याच दिवशी, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एका शिपायामुळे आघाडी कोसळली नाही. पण पंधरा फुटांचे पाणी, तीन ठाणी, दोन जखमी, टाकून दिलेली गन, ग्रेनेडसाठी मागे येणे, हे तपशील कचेरीत सुचणारे नव्हेत. ते पाहणाऱ्याचे आहेत, आणि या पदकासाठी प्रत्यक्षदर्शी पुरावा लागतच असे. माझा युक्तिवाद याच तपशिलांवर उभा आहे. विशेषणे काढून टाकली तरी त्याचे काही बिघडत नाही.

रक्ताच्या स्पष्टीकरणाकडे वळू. लढाऊ जमातींचा सिद्धांत आपला नव्हेच. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी घडवला. त्याचा सर्वांत वजनदार पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स याच्या मते मद्रास आणि मुंबईच्या पलटणींचे शिपाई उत्तरेकडच्या शिपायांच्या तोडीचे नव्हते. म्हणजे जो सिद्धांत आज आपण अभिमानाने मिरवतो, त्याच्या मूळ मांडणीत दक्षिणी शिपाई खालच्या पायरीवर होता. याच विचारातून १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांचे पूर्वज १८१८ साली कोरेगावला लढले होते, ते कागदावरच्या एका निर्णयाने लढाऊ राहिले नाहीत. ती भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच मोडली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. साम्राज्याला माणसे हवी असली की रक्तात शौर्य सापडत असे आणि गरज सरली की ते नाहीसे होत असे. अशा सिद्धांतावर आपण आपला अभिमान टांगावा, हे मला पटत नाही.

पदकांची मोजदादही रक्ताच्या बाजूने साक्ष देत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना खुला झाला १९११ साली. पहिल्या महायुद्धात तो मराठा पलटणींतील एकाही भारतीय शिपायाला मिळाला नाही. त्याच युद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुट येथील वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इतका काळ त्यांनी उपासमार काढली आणि शेवटी कैदेत गेल्या. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेत यांपैकी १०३ ची पहिली आणि ११० ची तिसरी बटालियन झाली, म्हणजे अनुक्रमे जाधवांची आणि घाडग्यांची. त्यांच्याच पलटणीतले आदल्या पिढीचे शिपाई कुटला भित्रे होते, असे कोण म्हणेल? पदक मिळायला शौर्य लागतेच, पण ते पाहणारा, लिहिणारा आणि वर पाठवणाराही लागतो. पराभवात आणि वेढ्यात ती साखळी तुटते.

मातीचे स्पष्टीकरण याहून मोहक आहे, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. ओझे वाहण्याची, चढ चढण्याची, चिखलापाण्यात तासन् तास उभे राहण्याची सवय शेतकऱ्याच्या मुलाला असते, आणि ती उपयोगी पडली असेलच. पण सुरुंगांचा पट्टा कसा ओळखावा, ग्रेनेडची पिन काढल्यावर किती क्षण हातात राहतात, उलट उतारावरच्या ठाण्याला कोणत्या बाजूने भिडावे, हे नांगरामागे चालून येत नाही. ते बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवले गेले आणि इटलीत पक्के झाले. जाधवांची डिव्हिजन सप्टेंबर १९४३ पासून त्या देशात एकामागून एक नदी ओलांडत होती: त्रिन्यो, सांग्रो, मोरो, कॅसिनोजवळची गारी, आर्नो. या डिव्हिजनच्या कामगिरीवर निघालेल्या पुस्तिकेचे नावच 'आणखी एक नदी' अशा अर्थाचे आहे. सेनिओपर्यंत पोहोचलेल्या बटालियनच्या गाठी दीड वर्षाचे नदी ओलांडण्याचे शिक्षण होते. त्याचे श्रेय काळ्या मातीला दिले तर ते ज्यांनी कमावले त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होईल.

मातीने काय केले ते वेगळ्या ठिकाणी पाहावे लागते. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती ती १९१५ मध्ये ७ एकरांवर आली होती, आणि त्या सात एकरांचेही ठिकठिकाणी पसरलेले तुकडे होते. नगर आणि पुणे हे तर १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे जिल्हे. सावकाराच्या वह्या जाळण्यापर्यंत शेतकरी तेथे आला होता. कोकणातल्या डोंगराळ भातखाचरांची कहाणी वेगळी, पण परिणाम तोच. घरातला एक मुलगा मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत आणि एक शेतावर, ही वाटणी कुटुंबाने जगण्यासाठी केलेली होती. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले, तेही सक्तीच्या भरतीशिवाय. हे केवळ राजनिष्ठेने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सरकारलाही हे नीट माहीत होते. १९२५ च्या एका कायद्याने युद्धावर असलेल्या शिपायाविरुद्धचे दिवाणी दावे तहकूब ठेवण्याची सोय केली होती, कारण माणूस परदेशात असताना घरी त्याच्या जमिनीवर दावा लागला तर तो निर्धास्त लढणार नाही. दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉरने शिपायांच्या पत्रांचे जे गोषवारे काढले, त्यांतही धान्याचे भाव, टंचाई आणि घरची चिंता पुन्हा पुन्हा येते. शेती बांधावर शिपायाच्या मागोमाग गेली ती काटकपणा म्हणून कमी आणि काळजी म्हणून जास्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. हे सगळे खरे धरले तरी ही माणसे परक्या साम्राज्यासाठी लढली. जाधव सेनिओवर होते त्या काळात साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेला आव्हान देत होते. त्यात उतरलेली तरुण पोरेही अशाच आक्रसत्या शेतांवरून आलेली होती. मग आपण कोणाला नमस्कार करायचा? मी या प्रश्नाची मांडणीच नाकारतो. भरतीविषयी त्या वेळी देशातही एकमत नव्हते. काँग्रेस विरोधात होती, सावरकर सैनिकीकरणाचा प्रचार करत होते, आणि डॉ. आंबेडकर १९४१ पासून संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते. ज्या प्रश्नावर नेते तीन दिशांना होते, त्याचे उत्तर गावातल्या विशीतल्या मुलाने चुकवले असा निकाल आज बसल्या जागी देणे सोपे आहे. साम्राज्याने त्यांना वापरले हे मी नाकारत नाही. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय लढले, ५,७८२ मेले, आणि त्यांनी जिंकून दिलेल्या स्वातंत्र्याचा वाटा त्यांच्या स्वतःच्या देशाला तेव्हा नव्हता. ही विसंगती त्यांच्या हुकूमकर्त्यांची आहे, आणि तिचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. दुसरीकडे, बांधाच्या आतल्या उतारावर बसलेले सैन्य नाझी जर्मनीचे होते, हेही गाळता येत नाही. उम्ब्रियातल्या मोंटोने गावी जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. त्या मुलखाच्या दृष्टीने १९४४ सालचा हिशेब कसा दिसतो, ते त्यावरून कळते.

आणि जे कौशल्य साम्राज्यासाठी कमावले गेले, ते साम्राज्याबरोबर समुद्रापार गेले नाही. घाडग्यांच्या तिसऱ्या बटालियनने केरेनचे डोंगर डेनिस रीड यांच्या हाताखाली घेतले होते, आणि पुढे इटलीत हेच रीड तिच्या डिव्हिजनचे प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच ही बटालियन काश्मीरमध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती आणि मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेण्याच्या लढाईत उतरली. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमध्ये टांगाईलजवळ विमानांतून उतरली ती हीच बटालियन, आणि त्या वेळी ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवण्यासाठी तिला नदीवरचा एक पूल घ्यायचा होता.